आईचा ड्यूटीवरचा आवाज

त्या घरात ओरडायचं खातं बाबाकडे होतं आणि समजावायचं आईकडे. तरीही सात वर्षांची भिंगरी ओरडणाऱ्या बाबाच्या मांडीत जाऊन बसायची आणि समजावणाऱ्या आईला बघून मागे सरकायची. हा उलटा कारभार सहा आठवडे चालला होता आणि आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मागे सरकायची म्हणजे नुसती रुसायची असं नाही. रुसवे आईने पुष्कळ बघितले होते, स्वतःचेही. हे वेगळंच होतं. आई जवळ बसली, तिने हात हातात घेतला आणि हळू आवाजात बोलायला लागली, की पोरीचा चेहरा उतरायचा. ती निमूटपणे सगळं ऐकून घ्यायची. मग हलकेच हात सोडवून घ्यायची, उठायची आणि घराचं दार उघडायची. सताड. मग बाहेरचा, जिन्यावरचा दिवा लावायची, भर दुपार असली तरी. मग दारातलं चपलांचं स्टँड ढकलत ढकलत भिंतीला लावायची. आणि सगळं झालं की जिन्याचा कठडा धरून खाली बघत उभी राहायची. काय करतेस गं, असं विचारलं तर म्हणायची, "काही नाही."

"हिला घरातून जायचंय," आई एकदा नवऱ्याला म्हणाली. "मी बोलायला लागले की हिला घर नकोसं होतं."

"अगं, काहीतरीच काय!" बाबा ओरडला.

तो काही रागाने ओरडला नव्हता. तो सुतार होता. दिवसभर करवतीच्या मशीनजवळ उभा राहून त्याचे कान अर्धे कामातून गेले होते, त्यामुळे पाण्याचा ग्लास मागायचा तरी तो तीन घरांना कळेल असा मागायचा. त्याचं वर्कशॉप पलीकडच्याच गल्लीत होतं. तो घरी यायला निघाला की वाटेत कोणाकोणाशी बोलला हे घरात बसून समजायचं. असा माणूस. आणि त्याच्या अंगावरचा लाकडाचा भुसा झटकत पोरगी त्याला बिलगायची, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत बसायची. तिला राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला वाईट वाटत होतं, आणि कशाचं वाईट वाटून घ्यायचं हेही ठरत नव्हतं.

आता आईचं सांगायला हवं. ती अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. अकरा वर्षं झाली होती. खिडकी नसलेली एक लांबट खोली, सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन स्क्रीन, आणि कानाला हेडफोन. पलीकडून कोणीतरी किंचाळत असतं. कोणाचा बाप बाथरूममध्ये पडलेला असतो, कोणाच्या पोराच्या घशात काहीतरी अडकलेलं असतं. आधी पत्ता घ्यायचा, मग काय झालं ते, आणि मग गाडी दारात पोहोचेपर्यंत त्या माणसाला सोडायचं नाही. हे तिसरं काम सगळ्यात अवघड, आणि त्यात आईचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं.

कारण तिच्याकडे तो आवाज होता. जन्माने तिला मिळाला होता असं मुळीच नाही. जन्माने ती चांगली खणखणीत, एका वाक्यात तीन गोष्टींवरून बोलणारी बाई. पण कामाला लागली तेव्हा तिथल्या जुन्या माणसाने, ज्याला सगळे मास्तर म्हणायचे, तिला शेजारी बसवून शिकवलं. समोरचा जितका वर जाईल तितके आपण खाली यायचं. वाक्य लहान. घाई नाही. आवाजात स्वतःचं काहीही येऊ द्यायचं नाही, ना भीती, ना कीव, ना कंटाळा. सहा महिन्यांत तिने असा काही आवाज कमावला, की मास्तर नव्या मुलामुलींना तिच्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवायला लागले. मी आहे इथे. मी कुठेही जात नाही. श्वास घ्या. छान. आता सांगा. तेवढ्यानेच दगडालाही धीर आला असता.

ड्यूटी संपली की हेडफोन खुंटीला आणि तो आवाजही तिथेच, अशी अकरा वर्षांची रीत होती. घरी ती घरच्यासारखीच होती. ओला टॉवेल गादीवर दिसला की तिचा पट्टा सुरू. भिंगरीही काही कमी नव्हती, ती उलट उत्तरं द्यायची, पाय आपटायची, दार आपटायची आणि पाच मिनिटांनी भूक लागली म्हणून येऊन लगटायची. सगळं सुरळीत चाललं होतं असं आता मागे वळून म्हणता येतं. तेव्हा आईला तसं वाटत नव्हतं.

तेव्हा शाळेने पालकांची बैठक बोलावली होती. मुलांच्या मनाविषयी बोलायला एक समुपदेशक बाई आल्या होत्या. पालक लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि बाई समजावत होत्या. मूल चिडलं, रडलं, तर त्याच्या उंचीला येऊन बसा. आवाज खाली आणा. सावकाश बोला. त्याला सांगा की मी इथे आहे. श्वास घ्यायला सांगा. मग विचारा काय झालं. बाईंनी हे सगळं छापलेला एक कागदही दिला. बाईंचं त्यात काही म्हणजे काही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आईने तो कागद वाचला आणि तिच्या कानशिलांना चटका बसला. हे तर तिचंच काम! परक्या लोकांना ती रोज आठ तास हेच देत होती, आणि स्वतःच्या पोरीला काय, तर टॉवेलवरून बडबड. घरी परत येताना बसमध्ये तिला इतकी लाज वाटली की तिने उतरायचा थांबा चुकवला. आणि मनाशी पक्कं केलं. उद्यापासून घरातही तोच आवाज.

दुसऱ्याच दिवशी संधी चालून आली. भिंगरीने रंगाच्या पाण्याचा पेला चादरीवर लवंडला आणि आता आपलं काही खरं नाही हे ओळखून आधीच रडायला सुरुवात केली. आई धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मी आहे इथे. मी कुठेही जात नाही. श्वास घे. छान. आता सांग, काय झालं?"

पोरगी गप्प झाली. नळ बंद करावा तसं रडणं बंद. डोळे मोठे करून ती आईकडे बघत राहिली. आईला वाटलं, जिंकलो. इतकं सोपं होतं आणि आपण सात वर्षं घसा फोडत बसलो, असंही तिला वाटलं, आणि संध्याकाळी तिने हे कौतुक नवऱ्याला दोनदा सांगितलं. दोनदा का, तर पहिल्यांदा त्याला ऐकू आलं नाही.

दारं उघडायला त्याच आठवड्यात सुरुवात झाली.

मग एकेक वाढत गेलं. भिंगरी नखं खायला लागली, पार रक्त येईपर्यंत. शाळेचा डबा तसाच परत यायला लागला. शाळेतून आल्याआल्या ती बाबाच्या वर्कशॉपमध्ये फोन करायची. "बाबा, तू बरा आहेस ना?" पलीकडून करवतीच्या वर आवाज काढून बाबा ओरडायचा, "मी? मला काय धाड भरलीय!" की ती फोन ठेवायची. तासाभराने पुन्हा. वर्कशॉपमधली माणसं त्याला चिडवायची की घरी मुलगी आहे का मुकादम. बाबा हसायचा, पण हसून झाल्यावर खरवडलेली फळी पुन्हा तिथेच खरवडत राहायचा.

पोर जितकी बिघडत गेली, तितकी आई शांत होत गेली. तिला तेवढं एकच येत होतं. समोरचा वर गेला की आपण खाली. पण इथे समोरचा वर जातच नव्हता! भिंगरी ओरडत नव्हती, उलट बोलत नव्हती, पाय आपटत नव्हती. सांगितलं की श्वास घ्यायची, विचारलं की "काही नाही" म्हणायची, आणि जाऊन दार उघडायची. एवढी शहाणी मुलगी आईने आयुष्यात बघितली नव्हती आणि त्या शहाणपणाची तिला भीती वाटायला लागली.

ती पुन्हा समुपदेशक बाईंना भेटायला गेली. बाईंची खोली म्हणजे शाळेच्या कोठाराचा अर्धा भाग. एका बाजूला खेळायचे चेंडू जाळीत टांगलेले, दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"घरात काही बदललंय का?"

आईने आठवून आठवून सांगितलं. नवे बूट घेतले. समोरच्या बिऱ्हाडातले लोक गेले. शाळेची पाण्याची टाकी फुटून सुट्टी मिळाली होती तेव्हा एक दिवस भिंगरीला ड्यूटीवर घेऊन गेले होते, पण तिथे ती मजेत होती, टेबलाखाली बसून चित्रं काढत होती, सगळ्यांनी लाड केले. बैठकीच्या आधीची गोष्ट आहे ती. बाकी काही नाही.

"तुम्ही बोलता तेव्हा ती कुठे बघते?"

"दाराकडे."

"आणि घरी तुम्ही तिच्याशी असंच बोलता? आत्ता माझ्याशी बोलताय तसं?"

"हो. तुम्हीच सांगितलंत ना."

"हो, हो. सांगितलं खरं." बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना काहीतरी खटकलं होतं पण काय ते त्यांच्याही हाती लागत नव्हतं. "खोटं कशाला बोलू, मलाही नीट कळत नाहीये. तिला जवळ बोलावून मी बघते. पुढच्या आठवड्यात आणा." आणि तेवढ्यात दुसरे पालक दारात येऊन उभे राहिले.

पुढचा आठवडा यायच्या आधी ताई आली. ताई म्हणजे आईची मोठी बहीण. तिची गावाबाहेर फुलझाडांची नर्सरी होती, हातांना कायम माती, आणि मनात येईल ते बोलून मोकळं व्हायची सवय. तिने तासभर घरात बसून सगळं बघितलं. आईने भिंगरीला दूध पी म्हणून समजावलं, भिंगरीने दोन घोट घेतले, दार उघडलं, दिवा लावला, स्टँड सरकवलं. ताईने चहाचा कप खाली ठेवला.

"हे काय गं?"

"हेच ते," आई म्हणाली.

"माझ्याकडे पाठव हिला. महिनाभर. शाळेला मी सोडीन की गाडीतून. मोकळी हवा आहे, झाडं आहेत, कुत्री आहेत. तुझ्या घरात ना, राग नको मानू, पण दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. कोणी मोठ्याने बोलत नाही."

"मी बोलतो की!" बाबा ओरडला.

"तू बोलतोस रे. हिचं म्हणतेय मी."

आईने राग मानला, पण दाखवला नाही. आवाजात स्वतःचं काही येऊ द्यायचं नाही हे आता तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की रागही कुठून काढायचा ते तिला आठवेना. ती म्हणाली, "मी विचार करते." आणि तिने केला. दोन दिवस केला. पोरगी दाराकडे बघते. आपण जवळ गेलो की दार उघडते. याहून स्पष्ट एखादं मूल काय सांगणार? आपल्याला जे नको आहे ते आपल्या पोरीला हवं असेल, तर आपण आडवं यायचं का? कंट्रोल रूममध्ये त्याच दिवसांत तिने एका बाईचं बाळंतपण फोनवरून पार पाडलं. गाडी अडकली होती, घरात फक्त तिचा दीर होता आणि तो थरथरत होता, तरी मूल सुखरूप झालं. मास्तरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. लोकांची पोरं आपल्या आवाजावर जगात येतात आणि आपलं पोर आपल्या आवाजाने घराबाहेर जातं. हे काय गौडबंगाल आहे?

नवरा आधी म्हणाला की माझी पोरगी मी कुठेही पाठवणार नाही. मग त्याने पोरीची नखं बघितली आणि हात टेकले. शनिवारी सकाळी ताईने गाडी घेऊन यायचं ठरलं.

शनिवारी आईने बॅग भरली. सात फ्रॉक, दोन स्वेटर, रंगपेटी, दात घासायचा ब्रश. भिंगरी पलंगावर बसून बघत होती. तिने एकदाही जाते म्हटलं नाही, नाही जात म्हटलं नाही, काय घेऊ आणि काय नको तेही म्हटलं नाही. खाली हॉर्न वाजला. बाबा बॅग उचलून दोन दोन पायऱ्या करत खाली गेला, कारण वर थांबला असता तर त्याचा चेहरा दिसला असता.

घरात दोघीच राहिल्या. आई गुडघ्यांवर बसली. तिने पोरीचे दोन्ही हात हातात घेतले. आतून तिचं पाणी पाणी झालं होतं, आणि आतून जितकं पाणी, तितका वर आवाज स्थिर, ही तर तिची कमाई होती.

"भिंगरी. मी आहे इथे. मी कुठेही जात नाही. तू मावशीकडे राहणार आहेस थोडे दिवस. वाटेल तेव्हा फोन कर. आता एक मोठा श्वास घे. छान."

पोरीने श्वास घेतला. मग तिने हात सोडवून घेतले, उठली, आणि दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं, ते तिने सताड उघडलं. बाहेरचा दिवा लावला. चपलांचं स्टँड ढकलायला लागली.

आई तिच्या मागोमाग गेली. आजवर ती कधी मागोमाग गेली नव्हती. पोरीला जायचं असेल तर पाठलाग करू नये, असं तिला वाटायचं.

"तुला इथून जायचंय ना?" तिने विचारलं. "म्हणून दार उघडतेस ना रोज? मी रागावणार नाही. खरं सांग."

भिंगरीने मान हलवली. नाही.

"मग कशाला उघडतेस?"

"त्यांना आत येता यावं म्हणून."

"कोणाला?"

"स्ट्रेचरवाल्या काकांना."

भिंगरीने स्टँड भिंतीला नीट टेकवलं आणि हात फ्रॉकला पुसले.

"तूच सांगतेस ना सगळ्यांना. दार पूर्ण उघडा. बाहेरचा दिवा लावा. वाटेतलं सामान बाजूला करा. एक जण बाहेर उभा राहा. मी टेबलाखाली होते तेव्हा तू फोनवरच्या काकांना सांगितलंस. आपल्या घरात कोणाला सांगतच नाहीस. म्हणून मी करते."

अकरा वर्षं आई ही चार वाक्यं बोलत होती. दिवसाला दहा वेळा, पंधरा वेळा. तिच्या सांगण्यावरून किती दारं उघडली असतील याचा हिशेब नाही, पण त्यातलं एकही तिने डोळ्यांनी बघितलं नव्हतं. ती वाक्यं तिच्या तोंडाला माहीत होती, कानाला माहीत होती. ती वाक्यं पाळली की घर कसं दिसतं, हे तिला कुठे माहीत होतं? सहा आठवडे ते तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिला ओळखू आलं नव्हतं.

"पण आपल्याकडे कशाला येतील ते?" ती म्हणाली. "आपल्याकडे कोणाला काय झालंय?"

"ते मला काय माहीत! तू सांगत नाहीस. नुसती तशी बोलतेस." भिंगरीने नख दाताखाली धरलं आणि मग सोडलं. "मी रोज बघते. बाबाला फोन करून विचारते, तो बरा असतो. मी पण बरी आहे. मग तूच राहिलीस." आणि मग खाली, जिन्याकडे बघत तिने विचारलं, "आई, तू मरणार आहेस का?"

तेव्हा आईला तो फोन आठवला. म्हणजे आठवावा लागला, कारण असे फोन ती लक्षात ठेवत नसे. ठेवून चालतच नाही. म्हातारा माणूस होता. बायको स्वयंपाकघरात कोसळली होती. अकरा मिनिटं आई त्याच्याबरोबर होती. मी आहे इथे, मी कुठेही जात नाही. गाडी पोहोचली, माणसं आत गेली, मग पलीकडून मास्तरांना निरोप आला. मास्तरांनी तिच्याकडे बघून मान हलवली. "गेली," आई शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणाली, हेडफोन गळ्यात ओढला, आणि टेबलाखाली वाकून विचारलं, "भूक लागली का गं तुला?" भिंगरी नाही म्हणाली होती. चित्र काढत होती.

आईने तोंड उघडलं आणि जे यायचं तेच आलं. "नाही. मी बरी आहे. कोणालाही काहीही झालेलं नाही." सावकाश, खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा. स्वतःच्या कानाने तिने तो आवाज पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. आणि समोर पोरगी समजूतदारपणे मान हलवत होती. फोनवरची माणसं अशीच गप्प होत असणार, हे आईला त्या क्षणी कळलं. त्यांना धीर येत नसतो. ती फक्त सांगितलेलं ऐकत असतात, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नसतं.

"फोनवरच्या काकांना पण तू असंच म्हणालीस," भिंगरी म्हणाली आणि कठडा धरून खाली बघायला लागली.

काय बोलावं यापेक्षा कुठल्या आवाजात बोलावं हेच आईला सुचेना. हा आवाज तर आता चालणार नव्हता, आणि आधीचा कुठे ठेवला होता? तिने घसा खाकरला. दोनदा. काहीच आलं नाही. आणि मग, कुठून कोण जाणे, जे आलं ते असं आलं की तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंतचा जिना दणाणला.

"कोण मरतंय? कोणी मरत नाहीये! मी ठणठणीत आहे! घोड्यासारखी! मला काय धाड भरलीय! आणि तू अनवाणी काय उभी आहेस गार फरशीवर? किती वेळा सांगायचं, चपला घाल, चपला घाल! आणि ती नखं बघ! बघ काय करून ठेवलंस त्या बोटांचं!"

खालच्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडलं. भिंगरी दचकून मागे वळली होती. आईच्या तोंडाकडे बघत तिने भोकाड पसरलं. तोंड वासून, नाक गळत, श्वास अडकत, सहा आठवड्यांचं एकदम.

आई घाबरली. काय करून बसलो आपण! गुडघे आपोआप वाकले, आवाज आपोआप खाली आला. "मी आहे इथे, मी कु—"

"नको!" भिंगरीने तिच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. "तसं नको! ओरड!"

"अगं, पण—"

"ओरड ना! अजून ओरड!"

आई त्या ओल्या, कुरतडलेल्या बोटांमागून बघत राहिली. तिच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पोरीचे हात तिने बाजूला केले. "काय ओरडू?"

"काहीपण."

"तू डबा तसाच्या तसा परत आणतेस!"

"आणि?"

"आणि ओला टॉवेल गादीवर टाकतेस!"

"आणि?"

"आणि मला विचारलं का नाहीस गं!" आता तो आवाज कोणाच्याच ताब्यात नव्हता, मध्येच चिरकत होता, मध्येच बुडत होता. "सहा आठवडे! एकटीच दारं उघडत बसलीस! मला नाही का विचारायचंस? मी काय परकी आहे?"

भिंगरी हुंदके देत तिच्या पोटात शिरली. खाली ताईने पुन्हा हॉर्न दिला. जिन्यातून बाबा ओरडला, "काय झालं गं? वर येऊ का?" यापुढे घरात कसं बोलायचं आणि सोमवारी ड्यूटीवर हेडफोन लावून त्याच तोंडाने कसं बोलायचं, यातलं आईला काहीही कळत नव्हतं.

"आणि?" तिच्या पोटातून आवाज आला.

"आणि तू कुठेही जाणार नाहीयेस! कळलं?"

"कळलं!" भिंगरी म्हणाली, तीही ओरडूनच.